कणगींतील सावकार



आखाजी झाली. झाडांचे झोके उतरले, लेकी सासरीं परत गेल्या, आणि मृगाचा पाऊस येईपर्यंत जे थोडे दिवस हातीं उरले आहेत त्यांत घरोघर वर्षाचें धान्य भरण्याची घाई चालली आहे. शेतकऱ्याच्या ओट्यावर दादर, गहूं, हरभरा आणि तूर पडली आहे. तांबट, सुतार, कुंभार, शिंपी यांच्या घरीं बाजारांतून पोतीं येऊन पडलीं आहेत. अशा वेळीं एका सावकाराविषयीं चार शब्द लिहावे असें वाटलें. हा सावकार पेठेंत बसत नाहीं. त्याला वही लागत नाहीं, अंगठा लागत नाहीं, कोर्टाचा बेलिफ लागत नाहीं. तो आपल्याच कणगींत बसतो, आपलेंच खातो आणि आपल्यालाच उपाशी ठेवतो. त्याचें नांव धान्याची कीड.

त्याच्या व्याजाची रीत पहा. ज्वारींतील किंवा गव्हांतील सोंड्याची एक मादी आपल्या आयुष्यांत दोनशें-तीनशें अंडीं घालते. पावसाळी दमट हवेंत अंड्यापासून नवा सोंडा बाहेर पडावयास महिन्याच्या आसपास लागतो. दोनशें अंड्यांत शंभर माद्या धरा. त्या शंभरांनीं पुन्हां दोन-दोनशें अंडीं घातलीं कीं वीस हजार झाले. हा कागदावरचा हिशेब आहे. प्रत्यक्षांत सगळे जगत नाहींत. परंतु व्याजावर व्याज कसें चढतें हें ज्यांच्या बापजाद्यांनीं सोसलें त्यांना अधिक सांगावयास नको. आषाढांत जो दिसत नाहीं तो भाद्रपदांत सगळी कणगी अडवून बसतो.

नुकसान किती होतें? पीक काढल्यानंतरच्या नासाडीचा अभ्यास करणारी केंद्र सरकारची एक संस्था लुधियाना येथें आहे. तिनें २०१५ सालीं देशभरचा अंदाज प्रसिद्ध केला. काढणीपासून बाजारापर्यंत सर्व टप्पे धरून तृणधान्यांची नासाडी शेंकडा ४.६५ ते ५.९९ आणि कडधान्यांची शेंकडा ६.३६ ते ८.४१ असा तो अंदाज आहे. ही सारी नासाडी किडीचीच नव्हे. उंदीर, बुरशी, सांडलवंड हींहि त्यांत आलीं. तरी आपल्या घरचा हिशेब करून पहा. दहा क्विंटल दादर ठेवली आणि शेंकडा पांच गेली, तर पन्नास किलो गेली. सव्वाशें ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली तर या चारशें भाकरी झाल्या. ज्या घरांत रोज दहा भाकरी लागतात त्या घराचें हें चाळीस दिवसांचें अन्न. चाळीस दिवस कोणी आपल्या ताटांतून भाकरी उचलून नेली तर आपण काठी घेऊन धांवूं. कीड नेते तेव्हां मात्र आपण "चालायचेंच" म्हणतों.

पण माझ्या मतें खरें नुकसान याहून मोठें आहे, आणि तें तराजूंत घालतां येत नाहीं. तें नुकसान भयाचें आहे. शेतकरी म्हणतो, "घरांत ठेवून काय करूं? सोंडेच खातील. त्यापेक्षां आजच मार्केटांत नेतों." सगळेच एका महिन्यांत नेतात, मालाची रांग लागते आणि भाव पडतो. हाच शेतकरी श्रावणांत तीच तूर डाळ म्हणून दुकानांतून चढ्या भावानें घेतो. मूग, मठ, उडीद यांच्या बियाण्याचेंहि तेंच. घरचें बीं भुंगेऱ्यानें पोखरलें, म्हणून दरसाल पिशवी विकत आणावयाची. ज्याच्या घरांत दाणा टिकत नाहीं त्याला भाव ठरविण्याचा हक्क उरत नाहीं. व्यापारी ही गोष्ट जाणून असतो आणि शांतपणें वाट पाहतो.

येथें कोणी म्हणेल, "मास्तर, आम्ही किडीच्या भयानें विकत नाहीं, हप्त्यासाठीं, लग्नासाठीं, दवाखान्यासाठीं विकतों." तें खरें आहे, आणि अशा माणसाला मी कोरडा उपदेश करीत नाहीं. परंतु त्याच्यासाठींहि एक वाट आहे. राज्याच्या कृषि पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत चालत आली आहे. माल गोदामांत ठेवावा, त्याच्या किंमतीच्या पाऊणपटीपर्यंत कर्ज घ्यावें आणि भाव चढल्यावर माल विकावा, अशी ती योजना आहे. पण ती उपयोगीं पडणार कोणाला? ज्याचा माल कोरडा आणि निर्मळ आहे त्याला. किडका दाणा घेऊन गेलेल्या माणसाला गोदामाचें दारहि बंद आणि मोठ्या भावाचेंहि बंद.

म्हणून प्रश्न असा कीं ही कीड येते कोठून? माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजीला मीं हें विचारलें. आजी हंसली आणि म्हणाली, "ती काय कोनी लई येस का, मास्तर? दानामाच जलमस." आजीबाईंचा दोष नाहीं. पिढ्यान् पिढ्या ज्यांना पाटीला हात लावूं दिला नाहीं, त्यांना अंडें कोणतें आणि अळी कोणती हें कोणीं दाखवावें? त्या जागीं मग नाना समजुती शिरल्या. कोणी म्हणतो दृष्ट लागली. कोणी म्हणतो अमावास्येला धान्य भरलें. कोणी म्हणतो मुहूर्त चुकला. बंधूंनो, पंचांगांतला मुहूर्त सोंड्याला वाचतां येत नाहीं. त्याला ओलावा आणि ऊब एवढ्या दोनच गोष्टी कळतात.

सजीव आपोआप जन्मतो ही समजूत एके काळीं युरोपांतील पंडितांचीहि होती. १६६८ सालीं इटालींतील फ्रान्चेस्को रेदी यानें कांहीं भांड्यांत मांस ठेविलें. कांहींचीं तोंडें उघडीं ठेविलीं, कांहींवर पातळ कापड बांधलें. उघड्या मांसांत अळ्या झाल्या. झांकलेल्यांत झाल्या नाहींत, कारण माशीला आंत जातां आलें नाहीं. कोणा शास्त्र्याशीं वाद घालून नव्हे, तर भांड्यावर फडकें बांधून त्यानें सत्य काढलें.

हीच रीत आम्हीं वर्गांत करून पाहिली. एका घरचे मूग आणले. एकाहि दाण्याला भोंक नव्हतें. भिंगांतून पाहिलें तेव्हां कांहीं दाण्यांवर खसखशीहून बारीक पांढुरके ठिपके चिकटलेले दिसले. ते मूग दोन भागांत वांटले. एक भाग तसाच कांचेच्या बरणींत घातला. दुसरा भर दुपारीं काळ्या प्लास्टिकवर पातळ पसरला, वर पारदर्शक प्लास्टिक झांकलें, दोन तास तापूं दिला आणि निवल्यावर दुसऱ्या बरणींत भरला. दोन्ही तोंडांवर कापड बांधलें. महिन्याच्या आंत पहिल्या बरणींत भुंगेरे फिरूं लागले. दुसरींत एकहि नाहीं. मूग एकाच घरचे, बरण्या एकाच खिडकींत. मग फरक कशानें पडला? पोरें त्या दिवशीं घरीं धांवत गेलीं तीं आजीला सांगावयासच.

तर कीड जन्मते ती अंड्यापासून, आणि अंडें घरांत येतें तें तीन दारांनीं. पहिलें दार शेत. कडधान्याचा भुंगेरा शेतांत वाळत्या शेंगेवरच अंडीं घालतो आणि खळ्यावरून दाण्याबरोबर घरीं येतो. दुसरें दार जुनें पोतें आणि कणगीची भेग. खापरा भुंगेऱ्याची अळी पोत्याच्या शिवणींत, भिंतीच्या चिरेंत दडून बसते आणि अन्नावांचून वर्षांमागून वर्षें जगूं शकते. तिसरें दार जुनें धान्य. गेल्या सालचे तळाशीं उरलेले चार पायली दाणे, त्यांवरच नवें धान्य ओतलें कीं वर्षाची बेगमी किडीची झाली, आपली नव्हे. कारागीर बंधूंनीं हें तिसरें दार विशेष संभाळावें, कारण बाजारांतलें पोतें कोणत्या गोदामांतून फिरून आलें हें त्यांना ठाऊक नसतें.

आतां मुख्य गोष्ट. सोंड्याची मादी दाण्याला बारीक छिद्र पाडते, त्यांत अंडें ठेवते आणि वरून चिकट पदार्थानें तें बुजविते. अळी दाण्याच्या पोटांतच खाते, तेथेंच कोष करते आणि सोंडा होऊनच बाहेर पडते. म्हणजे आपल्याला पहिला सोंडा दिसतो तेव्हां त्याचे भाऊबंद दाण्यांत बसून जेवीतच असतात. दिसेल तेव्हां पाहूं म्हणणारा म्हणून नेहमीं एक महिना उशीरा असतो. कीड शोधावी लागते, आणि ती शोधण्याच्या परीक्षा सोप्या आहेत.

एक: दर पंधरा दिवसांनीं कणगीच्या वरच्या, मधल्या आणि तळच्या भागांतून ओंजळभर दाणे काढा आणि पांढऱ्या कापडावर चाळा. खालीं पीठ पडलें तर कोणी तरी दळतो आहे असें समजा. दोन: धान्यांत कोपरापर्यंत हात घाला. आंत ऊब लागली कीं तेथें कीड किंवा ओल आहे. वास कुबट आला तरी तेंच. तीन: मूठभर दाणे पाण्यांत टाका. पोखरलेला हलका दाणा वर तरंगतो. चार: कडधान्य उजेडांत धरून पांढरे ठिपके पहा; ती भुंगेऱ्याचीं अंडीं होत. पांच: दाणे एकमेकांना चिकटून जाळी धरलेली दिसली तर ती पतंगाच्या अळीची होय.

याखेरीज तामिळनाडू कृषि विद्यापीठानें एक साधा सांपळा काढला आहे. एक पोकळ नळी, तिला दोन-दोन मिलिमीटरचीं भोंकें, आणि तळाशीं किडे सांठण्यास बंद शंकु. ही नळी धान्यांत खुपसून ठेवावी. हिंडता किडा मोकळ्या हवेच्या ओढीनें भोंकांतून आंत शिरतो आणि खालीं पडतो. रोज नळी उपसून पहावी. डोळ्याला दिसण्याच्या कितीतरी आधीं ती किडीची वर्दी देते. ज्या सोनगीरचीं तांब्या-पितळेचीं भांडीं नांवाजलीं, तेथल्या हातांना अशी नळी घडविणें म्हणजे अर्ध्या दिवसाचें काम.

कीड आहे कीं नाहीं हें कळल्यावर उपाय काय? पहिला उपाय आपल्या डोक्यावर तळपतो आहे. खानदेशच्या वैशाखाला आपण शिव्या देतों, पण धान्याला त्याच्यासारखा वैद्य नाहीं. धान्य पातळ पसरून दोन-तीन कडक उन्हें द्यावींत. खाण्याच्या कडधान्याला वर सांगितल्याप्रमाणें काळ्या आणि पारदर्शक प्लास्टिकच्या मध्यें तापवावें. तेथें उष्णता साठ अंशांच्या घरांत जाते आणि दाण्याच्या पोटांतली अळीहि मरते. पेरणीच्या बियाण्याला मात्र साधेंच ऊन द्यावें. वाळलेला दाणा दांताखालीं कट्ट वाजला पाहिजे. आणखी एक परीक्षा मिठाची. कोरड्या बाटलींत कोरडें मीठ आणि थोडे दाणे घालून हलवावें; मीठ कांचेला चिकटलें तर धान्य अजून ओलें आहे. वाळलेलें धान्य तापलेलें असतां भरूं नये. सायंकाळीं निवूं द्यावें, नाहीं तर आंत घाम सुटतो.

दुसरा उपाय सफाई. जुनीं पोतीं उकळत्या पाण्यांत बुडवून वाळवावींत. कणगी आंतून लिंपावी, भेगा बुजवाव्या. थप्पी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवावी. जुनें धान्य आधीं संपवावें, नव्यांत मिसळूं नये.

तिसरा उपाय आपल्या आयाबायांनीं केव्हांच शोधून ठेवला आहे आणि शास्त्रानें त्याला होकार दिला आहे. कडधान्याला एरंडेल किंवा भुईमुगाचें तेल चोळतात. किलोला चहाचा एक लहान चमचा, म्हणजे पांच मिलिलिटर, पुरतें. तेलानें अंड्याची हवा कोंडते. राखेंत ठेवलेल्या बियाण्यांत भुंगेऱ्याला हिंडावयास जागा उरत नाहीं, आणि राख त्याच्या अंगावरचें मेणासारखें कवच खरवडते, त्यामुळें तो सुकून मरतो. तुरीची डाळ करून ठेवली तर भुंगेरा तिच्याकडे फारसा वळत नाहीं, कारण त्याला अंडीं घालण्यास अख्खा दाणा लागतो. कडुलिंबाचा पाला मात्र वाळवून घालावा, आणि त्या एकट्यावर विसंबूं नये. ओला पाला घालणें म्हणजे ओलीचेंच आमंत्रण.

चौथा उपाय हवा कोंडण्याचा. महाराष्ट्रांत पूर्वीं धान्याचीं पेंवें असत. पेंव उघडलें कीं जाणता माणूस लगेच आंत उतरत नसे. आधीं दिवा सोडून पहात असे. दिवा विझला तर आंत श्वास घेण्याजोगी हवा नाहीं असें समजत. जी हवा माणसाला पुरत नाहीं ती किड्यालाहि पुरत नाहीं. पेंवांत धान्य टिकण्याचें एक कारण हेंच. हेंच तत्त्व १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाच्या लॅरी मर्डॉक यांनीं आफ्रिकेंतील कॅमेरून देशाच्या शेतकऱ्यांत चवळीसाठीं वापरलें. प्लास्टिकच्या दोन पिशव्या एकींत एक, आणि बाहेर साधें विणलेलें पोतें. तोंडें घट्ट बांधलीं कीं आंतल्या किडी उरलासुरला प्राणवायु संपवितात आणि स्वतःच मरतात. आपल्याकडे दिल्लीच्या कृषि संशोधन संस्थेनें काढलेली पुसा कोठी आहे: कच्च्या विटांच्या दोन भिंतींमध्यें प्लास्टिकचा कागद. हापूरची पत्र्याची कोठी आहे. या सर्वांत एकच अट: दाणा पुरता कोरडा हवा, नाहीं तर कीड मरेल पण बुरशी खाईल.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहिण्यास घेतला ती सांगतों. किडीच्या भयानें आपले लोक घरांत विष आणीत आहेत. 'धान्यांत टाकण्याच्या गोळ्या' म्हणून ज्या हातोहात मिळतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेंतील ओलावा लागला कीं त्यांतून फॉस्फीन नांवाचा वायु सुटतो. तीन ग्रॅमची एक गोळी एक ग्रॅम वायु सोडते. या विषावर उतारा नाहीं. आपल्या एका-दोन खोल्यांच्या घरांत पोत्यांच्या थप्पीशेजारींच पोरेंबाळें निजतात. पोत्यांत टाकलेली गोळी किडा आणि लेंकरूं यांत भेद करीत नाहीं. अशा तऱ्हेनें घरचीं माणसें गेल्याच्या बातम्या या देशांत पुनःपुन्हां आल्या आहेत. म्हणूनच ही गोळी सरकारी संस्था व परवानाधारक कीडनियंत्रक यांनींच तज्ज्ञाच्या देखरेखीखालीं वापरावी असा निर्बंध आहे, आणि दहा व वीस गोळ्यांच्या नळ्यांवर केंद्र सरकारनें २००१ सालीं बंदी घातली. त्याआधीं घरोघर वापरण्यास सांगितली जाणारी ईडीबीची कुपीहि त्याच सालीं बंद झाली. कायदा कागदावर आहे. गोळी मात्र पुडींतून घरांत येते.

शिवाय अर्धवट बंद पोत्यांत दिलेल्या विषानें सगळे किडे मरत नाहींत. जे उरतात ते विष पचविणारे उरतात, आणि त्यांचीच प्रजा वाढते. भारतांतील कित्येक जातींच्या धान्यकिडींना आज ही सवय जडलेली आढळली आहे. म्हणजे जीव धोक्यांत घालूनहि सावकार जातो तो पुढच्या सालीं अधिक बळकट होऊन येण्यासाठीं. पाऱ्याच्या गोळ्या आणि बोरिक पावडर यांचेंहि मला कौतुक नाहीं. जें पोटांत जावयाचें त्याला विष चोळूं नये, इतकी साधी गोष्ट आहे. ज्याच्या घरीं आज अशी गोळी असेल त्यानें ती निजण्याच्या घरांत एक रात्रहि वापरूं नये, आणि पोरांच्या हातीं लागूं देऊं नये.

माझें मागणें फार नाहीं. गांवच्या सोसायटीनें धान्याचा ओलावा मोजण्याचें एक यंत्र आणून ठेवावें; वर्षांतून दोन महिने सारा गांव तें वापरील. ग्रामपंचायतीनें वाळवणासाठीं एक फरशीचें सार्वजनिक खळें करावें, म्हणजे ज्याला अंगण नाहीं अशा मजुराच्या आणि कारागिराच्या धान्यालाहि ऊन मिळेल. आपले पत्र्याचें काम करणारे बंधु आहेत. त्यांच्याकडून घट्ट झांकणाच्या कोठ्या आणि भोंकांच्या नळ्या करून घ्याव्या, म्हणजे गांवचा पैसा गांवांत राहील. आणि माझ्या शिक्षक बंधूंनीं शाळेंत दोन बरण्यांचा प्रयोग जरूर करावा. त्याला सरकारी हुकूम लागत नाहीं.

घरांतल्या पुरुषांना आणखी एक विनंति. कणगीची खरी पारख घरच्या बाईला असते. चाळणी तिच्या हातांत असते, पीठ तिलाच आधीं दिसतें. "दाण्याला वास येतो" असें ती म्हणेल त्या दिवशीं "पुढें पाहूं" म्हणूं नका. त्याच दिवशीं पोतें उघडा.

जोतीरावांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापन केला. सत्य शोधणें हें सभेंत बसून टाळ्या देण्यापुरतें नाहीं. तें ओंजळभर दाणे पांढऱ्या कापडावर पसरून, भिंग लावून, आपल्या डोळ्यांनीं पाहण्यांतहि आहे. मृगाला अजून थोडे दिवस आहेत. ऊन फुकट आहे. उद्यां सकाळीं पहिलें पोतें उघडा.

आपला,
एक गांवशिक्षक, सोनगीर